घर नावावर कुणाच्या आणि हिस्सा कुणाचा? इंग्लंडमधल्या घरांबद्दल तुमचे प्रश्न

यावेळचे बहुतेक प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येतात, रजिस्टरवर नाव एकाचं आणि पैसे दुसऱ्याचे. इंग्लंड आणि वेल्समध्ये दोन माणसांनी मिळून घर घेतलं की ट्रस्ट आपोआप तयार होतो, तुम्ही तो शब्द कधी ऐकला नसला तरी. लँड रजिस्ट्रीत, म्हणजे मालकीच्या सरकारी नोंदीत, ज्यांची नावं असतात ते ट्रस्टी, जास्तीत जास्त चार, आणि खरा हिस्सा ज्यांचा ते बेनिफिशियरी. बऱ्याचदा दोन्ही तेच लोक असतात, पण नेहमी नाही, आणि भांडणं तिथेच होतात. (स्कॉटलंडचा कायदा वेगळा, तिथलं घर असेल तर हे वाचून काही ठरवू नका.)

प्रश्न : पार्टनर आणि मी लग्न न करता दोघांच्या नावावर स्लाऊला फ्लॅट घेतला. डिपॉझिट जवळजवळ सगळं माझं. आता वेगळं होतोय, मला जास्त मिळेल ना?

आधी घर घेतानाचा टीआर-वन नावाचा ट्रान्सफर फॉर्म शोधा आणि त्यातला दहावा रकाना बघा. जॉइंट टेनंट्स (दोघं मिळून सगळ्याचे मालक, एक गेला की सगळं दुसऱ्याचं), किंवा समान हिस्स्याचे टेनंट्स इन कॉमन (प्रत्येकाचा हिस्सा वेगळा), किंवा वेगळं काही असेल तर ते लिहा, असे तीन पर्याय असतात. टेनंट म्हणजे इथे भाडेकरू नाही. तिथे टिक करून दोघांनी सह्या केल्या असतील तर विषय जवळपास संपला. फसवणूक वगैरे दाखवता आली किंवा नंतर दोघांनी काही वेगळं ठरवलं असेल तरच कोर्ट त्याच्यापलीकडे बघतं, डिपॉझिट कुणाचंही असो. किल्ल्या कधी मिळणार या घाईत हा रकाना कुणी धड वाचत नाही, आणि सगळ्यात महाग सही हीच असते.

रकाना कोरा असेल तर कोर्ट निम्मं-निम्मं धरून सुरुवात करतं, आणि तसं नाही हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. नुसतं डिपॉझिट जास्त भरलं एवढ्याने सहसा भागत नाही, दोघांच्या मनात काय होतं ते सगळ्या वागण्यावरून बघतात. 2007 च्या स्टॅक विरुद्ध डाउडन खटल्यात बाईंना 65 टक्के मिळाले, कारण इतकी वर्षं एकत्र राहूनही दोघांनी पैशांचे व्यवहार जवळपास पूर्ण वेगळे ठेवले होते. 2011 च्या जोन्स विरुद्ध कर्नॉटमध्ये जोडप्याने 1985 साली एसेक्समध्ये 30,000 पौंडांना घर घेतलं, 1993 ला तो निघून गेला, पुढे वर्षानुवर्षं हप्ते, घराचा खर्च, दोन मुलं सगळं तिने एकटीने ओढलं, आणि सुप्रीम कोर्टाने तिला 90 आणि त्याला 10 टक्के दिले. म्हणजे हिस्सा नंतरही बदलू शकतो. पण तिथवर पोचायला वकिलांची बिलं किती होतात ते विचारू नका.

आणि लग्न झालं असतं तर घटस्फोटात कोर्टाला 1973 च्या कायद्याने हिस्से गरजेनुसार बदलायचा अधिकार असतो. तुमच्या बाबतीत तो नाही. "इतकी वर्षं एकत्र राहिलो म्हणजे लग्नासारखंच" असं इथला कायदा मानत नाही.

प्रश्न : आम्ही पुण्यात असतो. मुलाला आणि सुनेला लंडनजवळ घर घ्यायला रिटायरमेंटचे पैसे पाठवले, पुढे तिथेच राहायला जायचं ठरलंय. नाव त्या दोघांचंच आहे. आमचा हक्क किती?

फ्लेग नावाच्या आई-वडिलांचा खटला तुम्ही वाचायलाच हवा, 1987 चा, हाउस ऑफ लॉर्ड्सचा, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टाचा. मुलगी-जावयाबरोबर राहायचं म्हणून त्यांनी आपलं घर विकून नव्या घराच्या किमतीतले निम्म्याहून जास्त पैसे दिले, नाव मात्र फक्त मुलगी-जावयाचं. त्या दोघांनी यांना न सांगता घर पुन्हा पुन्हा गहाण टाकलं आणि हप्ते थकले. आई-वडील त्याच घरात राहत होते, हिस्साही खरा होता, तरी कर्ज देणारी बिल्डिंग सोसायटी (घरासाठी कर्ज देणारी संस्था, आपली हाउसिंग सोसायटी नव्हे) जिंकली, कारण पैसे दोन ट्रस्टींच्या हातात दिले की घेणारा किंवा कर्ज देणारा बेनिफिशियरीच्या हक्कातून सुटतो. हक्क घरावरून उठतो आणि त्या पैशांवर बसतो, आता पैसेच उडालेले असतील तर बसा बोंबलत. गंमत म्हणजे नाव एकाचंच असतं तर कदाचित वाचले असते. 1980 च्या बोलंड खटल्यात नाव एकट्या नवऱ्याचं होतं, पैसे घालून तिथे राहणाऱ्या बायकोचा हक्क बँकेवर भारी पडला.

आता तुमचं. मॉर्गेज असेल तर बँकेने बहुधा तुमच्याकडून एका पत्रावर सही घेतली असेल की हे पैसे गिफ्ट आहेत, घरात आमचा हिस्सा नाही. ती सही असेल तर नंतर हिस्सा मागणं फार अवघड. नसेल, तर मुलाशी आणि सुनेशी स्पष्ट बोलून डिक्लरेशन ऑफ ट्रस्ट, म्हणजे कुणाचा हिस्सा किती ते सांगणारा कागद, करून घ्या, लेखी आणि दोघांच्या सह्यांचं, आणि मॉर्गेज असेल तर बँकेला आधी विचारून. तोंडी ठरलेलं कोर्टात टिकवणं म्हणजे नशिबाचा खेळ. "आपल्यात कुठे असं लिहून घेतात" हे मला पाठ आहे. घ्या लिहून.

रजिस्टरवर फॉर्म ए नावाचं रिस्ट्रिक्शन, म्हणजे व्यवहारावरचं बंधन, टाकता येतं, पण लोकांना वाटतं त्याने विक्रीच थांबते, तसं नाही. एकट्या मालकाला पैसे घेऊन व्यवहार करता येत नाही एवढंच, दोघं असले की चालतं. तुमच्या घरावर आधीच दोन नावं आहेत.

प्रश्न : नवऱ्यापासून वेगळी राहतेय, घर जॉइंट टेनन्सीचं. मला काही झालं तर माझा अर्धा भाग त्यालाच जाईल का?

हो, आपोआप, मृत्युपत्रात काहीही लिहिलं तरी. जॉइंट टेनन्सी मोडायला त्याला लेखी नोटीस द्या, त्याची संमती लागत नाही, मग ती मोडल्याची नोंद करायला लँड रजिस्ट्रीत एसईव्ही नावाचा फॉर्म भरा आणि नवीन मृत्युपत्र करा. पण विचार करून पाठवा. किंच विरुद्ध बुलार्डमध्ये खूप आजारी असलेल्या बायकोने अशी नोटीस पोस्टाने पाठवली, तेवढ्यात नवऱ्यालाच हार्ट अटॅक आला, तिने दारात पडलेलं पत्र उचलून नष्ट केलं कारण आता आपणच मागे राहू असं तिला दिसलं. उपयोग झाला नाही. पत्र घरात पडलं तेव्हाच नोटीस लागू झाली, असं कोर्ट म्हणालं.

प्रश्न : भाऊ आणि मी मिळून हॅरोमध्ये घर घेतलं. मला विकायचंय, तो नाही म्हणतो.

1996 चा ट्रस्ट्स ऑफ लँड कायदा, सगळे टोलाटा म्हणतात, त्याच्या कलम 14 खाली कोर्टात जा. कोर्ट बघतं घर कशासाठी घेतलं होतं, तिथे लहान मुलं राहतात का, कर्ज देणाऱ्याचं काय. भाड्याने द्यायला घेतलं असेल तर विक्रीची ऑर्डर मिळणं सोपं, वहिनी आणि शाळेत जाणारी पोरं राहत असतील तर उशीर होऊ शकतो, कदाचित नकारही. मात्र हिस्से बदलायचा अधिकार या अर्जात कोर्टाला नाही, आहेत तेच ठरवून सांगतं. आधी त्याला बाजारभावाने तुमचा हिस्सा विकत घ्यायची ऑफर लेखी द्या, बरीच प्रकरणं तिथेच मिटतात.

प्रश्न : मुलगी 9 वर्षांची आहे, घर तिच्याच नावावर घेता येईल?

नाही, 18 पर्यंत रजिस्टरवर नाव येत नाही. तुम्ही दोघं ट्रस्टी आणि ती बेनिफिशियरी असं करता येतं, पण करण्याआधी टॅक्सवाल्याला विचारा.