'डॉसन्स क्रीक'सारख्या जुन्या टीनएज मालिकांचं लोक अजूनही एवढं कौतुक का करतात?

तुम्ही लिहिलंय की मैत्रिणीच्या आग्रहाखातर 'डॉसन्स क्रीक'चे पहिले चार भाग बघितलेत, त्यातल्या पंधरा वर्षांच्या पोरांची भाषणं ऐकून डोकं उठलं, शिक्षिकेचं विद्यार्थ्याशी चाललेलं प्रकरण बघून शिसारी आली, ही नटमंडळी खरंच त्या वयाची आहेत का अशी शंका आली, आणि आता प्रश्न पडलाय की चाळिशीतले लोक या मालिकेचं नाव निघालं की हळवे का होतात. तुमच्या दोन्ही तक्रारी रास्त आहेत. मी त्या हळव्या लोकांतलीच एक आहे, म्हणून उत्तर द्यायला बसले.

मालिका सुरू झाली २० जानेवारी १९९८ ला, अमेरिकेतल्या डब्ल्यूबी या तेव्हा अगदी नवख्या वाहिनीवर. भयपटांच्या पटकथा लिहून नाव कमावलेल्या केविन विल्यमसननं स्वतःच्या लहानपणावरून ती रचली होती. गाव केपसाइड, मॅसेच्युसेट्समधलं, पण कागदावरचं. चित्रीकरण बहुतेक नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनला. सहा सीझन, १२८ भाग, मे २००३ मध्ये समाप्ती. चार पोरं: सिनेमावेडा डॉसन, खाडीपलीकडून होडी वल्हवत येऊन शिडीवरून त्याच्या खिडकीत चढणारी जोई, वर्गात आणि घरात नालायक ठरलेला पेसी, आणि न्यूयॉर्कमध्ये 'वाया गेली' म्हणून आजीकडे धाडून दिलेली जेन.

हिच्या आधी आलेली 'बेव्हर्ली हिल्स ९०२१०' (१९९० ते २०००) आठवून बघा. तिथं पोरं काहीतरी घोळ घालायची, आणि मग वॉल्श कुटुंबाच्या घरात आईबाप शहाणपणाचे चार शब्द सांगून सगळं मार्गी लावायचे. दर आठवड्याला एक विषय: दारू, ड्रग्ज, नकोसं गरोदरपण. केपसाइडमध्ये ही सोयच नाही. डॉसनची आई वाहिनीवर बातम्या देते आणि सहकारी निवेदकाशी तिचं लफडं चालू आहे. जोईची आई कॅन्सरनं गेलेली, बाप गांजाच्या धंद्यापायी तुरुंगात. पेसीच्या बापाला मुलाकडे बघायला सवड नाही. म्हणजे सल्ला द्यायला लायक असा मोठा माणूस औषधालाही नाही, मग पोरंच एकमेकांना सल्ले देतात. रात्ररात्र बोलतात. जी भाषा वापरतात ती मानसशास्त्राच्या प्राध्यापकांच्याही तोंडी शोभली नसती, हे मान्य. पण सोळाव्या वर्षी तुमच्या डोक्यात जे चाललेलं असतं ते तेवढंच गुंतागुंतीचं असतं, फक्त ते मांडायला शब्द नसतात. या मालिकेनं ते शब्द उसने दिले. आमच्या वयाच्या पोरांना ती का आवडली याचं माझ्या मते हेच खरं कारण. आमचं कुणी ऐकून घेत नव्हतं अशातला भाग नाही, पण ऐकून झालं की 'वय आहे, जाईल' म्हणून विषय मिटायचा. केपसाइडमध्ये तो कधीच मिटत नसे.

या गांभीर्याचा उत्तम नमुना दुसऱ्या सीझनमध्ये आहे. जॅक नावाचा अबोल, धडपडा मुलगा नव्यानं शाळेत आलाय. इंग्रजीच्या तासाला त्यानं एक कविता लिहून दिलीय आणि तिच्यात त्याच्याही नकळत त्याचं मुलांकडे असलेलं आकर्षण उतरलंय. पीटरसन नावाचे शिक्षक त्याला ती सगळ्या वर्गासमोर वाचायला लावतात. तो दोन ओळी वाचतो, अडखळतो, 'नको' म्हणतो. शिक्षक ऐकत नाहीत. तो पुढे वाचतो, रडायला लागतो आणि वर्गातून पळून जातो. यात संगीत फारसं नाही, कॅमेऱ्याची करामत नाही. एका मुलाला सगळ्यांसमोर उभं करून सोलतात आणि बाकीचे बाकावर बसून बघतात, एवढंच. पुढे पेसी त्याच शिक्षकाच्या तोंडावर थुंकतो. पेसी आणि जॅक काही जिवलग नव्हेत, म्हणून तर ते जास्त लागतं. हे १९९९ सालचं. पुढच्या वर्षी, मे २००० मध्ये, याच जॅकनं दुसऱ्या मुलाचं घेतलेलं चुंबन अमेरिकेच्या मोठ्या वाहिन्यांवर ऐन संध्याकाळच्या वेळेत दिसलेलं दोन पुरुषांचं पहिलं प्रेमाचं चुंबन मानलं जातं. त्याची थट्टा नाही की त्यावर उपदेश नाही.

आणि जेनची आजी. मला विचाराल तर सगळ्या मालिकेतलं सर्वांत चांगलं लिहिलेलं पात्र. सुरुवातीला चर्च, प्रार्थना आणि नाकं मुरडणं यापलीकडे ती काही करत नाही. नातीनं जेवणाआधी प्रार्थना म्हणायला नकार दिला तर तिला जगबुडी आल्यासारखं होतं. पुढे तीच आजी जॅकला आपल्या घरात ठेवून घेते, नातीच्या पाठीशी उभी राहते आणि तरीही तिची श्रद्धा कुठं ढळत नाही. लेखकांनी तिला 'सुधारलेली' दाखवली नाही, फक्त मोठ्या मनाची दाखवली. अशी आज्जी आमच्या वाड्यात होती, म्हणून कदाचित मला ती जास्त भावते.

आता तुमच्या शिसारीबद्दल. ज्या गांभीर्याचं मी वर गुणगान केलं, त्याच गांभीर्याच्या पोटातून हा दोष आलाय, असं मला वाटतं. मालिका पोरांच्या नजरेतून बघते, आणि त्या नजरेपलीकडे बघायचं ती साफ नाकारते. पंधरा वर्षांच्या पेसीला वाटतं की बाईंचं आणि आपलं प्रेम आहे, म्हणून मालिकेलाही तसंच वाटतं. तुम्ही अजून पुढे गेला नसाल तर सांगते. गोष्ट फुटते, शाळेची समिती बसते आणि पेसी सगळ्यांसमोर खोटं बोलतो की हे मीच रचलं, बाईंनी काही केलं नाही. बाई गाव सोडून जातात. हा प्रसंग त्यागाचा म्हणून रंगवलाय. आपण गहिवरावं अशी अपेक्षा आहे. एका अल्पवयीन मुलानं त्याच्यावर अन्याय करणाऱ्या मोठ्या बाईची अब्रू वाचवायला स्वतःला खोटारडा ठरवून घेतलं, हे त्या सगळ्या खोलीत एकाही माणसाच्या ध्यानात येत नाही. मुलाच्या जागी मुलगी आणि बाईंच्या जागी सर असते, तर १९९८ मध्येही हे कुणी प्रेमकथा म्हणून दाखवलं नसतं. पुढे सहा सीझनमध्ये पेसीच्या स्वभावात आपण कवडीमोलाचे आहोत हे जे ठाण मांडून बसलेलं दिसतं, त्याचा धागा लेखकांनी इथं कधीच जोडला नाही. जोडला असता तर ती फार मोठी मालिका झाली असती.

दुसरं उदाहरण याहून बारीक आहे, पण मला ते जास्त खुपतं. तिसऱ्या सीझनमध्ये जोई शाळेच्या भिंतीवर एक चित्र काढते. मॅट नावाचा एक श्रीमंत पोरगा ते विद्रूप करतो. मुख्याध्यापक ग्रीन त्याला शाळेतून काढतात. ग्रीन कृष्णवर्णीय आहेत, शिस्तीचे आहेत, पोरांना हवेसे आहेत. मॅटचं घराणं वजनदार, त्यामुळे शाळेवर दबाव येतो, पोरं निदर्शनं करतात, शेवटी ग्रीनना जावं लागतं. आणि ते मालिकेतूनही जातात. त्यांची मुलगी निकी, जी डॉसनहून चांगली फिल्म बनवायची, तीही दिसेनाशी होते. मात्र याच धाग्यातून पुढे पेसी जोईसाठी गावातली एक भिंत भाड्यानं घेतो, हवं ते रंगव म्हणून. ही भिंत म्हणजे चाहत्यांचा जीव की प्राण. तो प्रसंग खरंच सुंदर आहे. पण ज्याची नोकरी गेली त्या माणसाचं पुढे काय झालं, हे विचारायला गोऱ्या पोरांच्या प्रेमकथेतून कुणाला सवडच झाली नाही. त्या काळच्या बहुतेक अमेरिकन टीनएज मालिकांचं हेच रडगाणं आहे: काळी पात्रं एखादा मुद्दा घेऊन येतात आणि मुद्दा संपला की निघून जातात.

डॉसनबद्दल काय बोलावं! मालिका त्याच्या नावाची, पण दुसऱ्यांदा बघताना तो अक्षरशः सोसवत नाही. जेन आधीच कुणाबरोबर झोपलीय हे कळल्यावर त्याचं जे तोंड उतरतं, त्यात प्रेमभंग कमी आणि हक्कभंग जास्त असतो. तिसऱ्या सीझनमध्ये पेसी आणि जोई एकत्र येतात तेव्हा दोघांनी परवानगी का नाही घेतली, हा त्याचा मुख्य राग. होड्यांच्या शर्यतीत तो पेसीच्या होडीवर आपली होडी घालायला निघतो आणि जोई किनाऱ्यावरून बघत राहते, जणू बक्षिसाची ढाल म्हणून तीच लागलीय. याच सीझनच्या शेवटचं त्याचं ओठ पिळवटून रडणं पुढे इंटरनेटवर वर्षानुवर्षं चेष्टेचा विषय झालं. त्या नटाची मला दयाच येते, कारण प्रसंग त्यानं जीव तोडून केलाय.

तरी गंमत अशी की मालिका हळूहळू डॉसनच्या हातातून निसटते, आणि ते घडू शकलं याचं श्रेय तिच्या लांबीला आहे. वर्षाला बावीस-तेवीस भाग करायचे तर लेखकांना दुय्यम पात्रांनाही काम द्यावं लागतं. दुसऱ्या सीझननंतर विल्यमसन सोडून गेला, तिसऱ्याची सुरुवात पार फसली, ईव्ह नावाची एक मादक मुलगी आणली आणि तशीच एकाएकी गायब केली. मग हाती उरलेल्यात पेसी आणि जोई यांची जमवाजमव सुरू झाली आणि मालिकेला जीव आला. आजच्या आठ भागांच्या सीझनमध्ये लेखकांना अशी चाचपडायला उसंतच मिळत नाही. सगळं आधीच ठरलेलं असतं. अर्थात त्याच लांबीमुळे पाचवा आणि सहावा सीझन, म्हणजे बॉस्टनमधली कॉलेजची वर्षं, पाणी घालून वाढवलेल्या आमटीसारखी आहेत. विल्यमसन शेवटचे दोन भाग लिहायला परत आला. जोई डॉसनला मिळणार असं ठरवून तो बसला होता आणि लिहितालिहिता त्याचं मत फिरलं, असं त्यानंच नंतर सांगितलंय.

आपल्याकडे १९९८ मध्येच झी टीव्हीवर 'हिप हिप हुर्रे' सुरू झाली होती. तीही शाळेतल्या पोरांचीच, पूरब कोहली वगैरे मंडळी त्यातूनच पुढे आली. ती हलकी, मोकळी आणि आपल्यातली वाटायची. पोरं पोरांसारखी बोलायची, हा मोठाच फायदा. पण अर्ध्या तासात प्रश्न यायचा आणि अर्ध्या तासात सुटायचा. मराठीत १९९९ मध्ये 'आभाळमाया' आली, घराघरांत बघितली गेली, आणि ती मुळात आईची गोष्ट होती. त्यातल्या पोरी तिच्या मुली म्हणून होत्या. त्यामुळे केपसाइडची ती लांबलचक, रडकी बडबड आमच्यातल्या काहींना एवढी भिडली यात नवल नाही.

वयाच्या बाबतीतली तुमची शंकाही खरी आहे. डॉसन झालेला जेम्स व्हॅन डर बीक पहिल्या सीझनच्या चित्रीकरणाच्या वेळी वीस वर्षांचा होता. '९०२१०'मध्ये तर गॅब्रिएल कार्टेरिस एकोणतिसाव्या वर्षी सोळा वर्षांची मुलगी झाली होती. पोरं पोरांसारखी दिसायला हवी असतील तर कॅनडातली १९८७ ची 'डेग्रासी ज्युनिअर हाय' बघा. तिथं खरोखरच त्या वयाची पोरं घेतलीत; मुरुमं, वेडेवाकडे केस, अवघडलेली चाल सगळं जसंच्या तसं. अभिनय ओबडधोबड आहे, पण लाज मात्र अस्सल.

तरीही डॉसनला आणखी एक संधी द्यायची असेल तर पहिला सीझन तेरा भागांचाच आहे, तो उरकून घ्या किंवा सरळ दुसऱ्यावर या. जॅकच्या कवितेचा आणि त्याच्या पुढचा असे दोन भाग सलग बघा. तिसऱ्यात ईव्ह जिथं दिसेल तिथं पुढे पळवा आणि 'द लाँगेस्ट डे' हा भाग चुकवू नका. त्यात एकच दिवस चौघांच्या बाजूंनी चार वेळा दाखवलाय आणि डॉसनबद्दल थोडीशी दयाही वाटते. चौथा नीट बघा. पाचवा-सहावा चाळला तरी चालेल, मधलं काही न कळता शेवटचे दोन भाग समजतात. सुरुवातीचं गाणं पॉला कोलचं नसून दुसरंच लागलं तर गोंधळू नका. हक्कांच्या भानगडीपायी बरीच वर्षं ते बदललेलं होतं आणि २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर परत आणलं, तेही तिनं नव्यानं गायलेलं. आणि पेसी आपल्या पोलीस भावाला सहा वर्षं ज्या गोष्टीवरून चिडवत राहतो, तिच्याकडे लक्ष ठेवा. शेवटच्या भागात ती खरी निघते.