अटलांटिकला निघतेयस ना, मग रात्रीचा वॉच मागून घे

अगं, आईबाबा आणि धाकट्या भावाबरोबर शिडाच्या बोटीतून अटलांटिक ओलांडणार असल्याचा तुझा एवढा मोठा मेसेज वाचला, आणि त्यातले निम्म्याहून जास्त प्रश्न वादळाचे. ते टेन्शन तू घेऊ नकोस, तिकडचा हरिकेन सीझन जून ते नोव्हेंबर असतो म्हणून तर बाबाने निघायला नोव्हेंबरअखेरची तारीख धरलीय. कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मासहून आधी खाली दक्षिणेला, लोणी वितळायला लागलं की पश्चिमेला वळायचं असं खलाशी सांगत आलेत, म्हणजे तिथे व्यापारी वारे मिळतात आणि मग ते मागून ढकलत थेट कॅरिबियनमधल्या सेंट लुसियापर्यंत नेतात. साधारण २७०० नॉटिकल मैल, तुमची बोट दिवसाला १३०-१४० करेल, म्हणजे वीसेक दिवस.

पहिले दोन-तीन दिवस मळमळणार, गोळी निघायच्या आधीच घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर नाही. खाली केबिनमध्ये मोबाईल बघत पडू नकोस, वर येऊन सुकाणू हातात घे आणि क्षितिजाकडे बघ, बरं वाटतं.

आता मुद्द्याचं. तू लिहिलंयस की बाबा म्हणतो "तू फक्त एन्जॉय कर". हे ऐकू नकोस. पंधरा वर्षांची मुलगी वीस दिवस पॅसेंजर म्हणून बसली ना की पाचव्या दिवशी कंटाळते आणि आठव्या दिवशी धाकट्या भावाशी भांडते, आणि बोटीवर दार आपटून जायला दुसरी खोली नसते. स्वतःचा वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, माग. सुरुवातीला संध्याकाळचा, आईबरोबर, मग रात्रीचे तीन तास एकटीने.

काम तसं कंटाळवाणंच आहे. दर दहा मिनिटांनी उभं राहून चारही बाजूंना नीट बघायचं, कारण मोठं कंटेनर जहाज क्षितिजावर दिसल्यापासून वीसेक मिनिटांत तुमच्यापाशी येऊ शकतं, आणि एआयएसवर (आसपासची जहाजं स्क्रीनवर दाखवणारी यंत्रणा) सगळ्याच बोटी दिसतात असं नाही. हेडलॅम्प लाल लाईटवर ठेव, पांढरा लावलास की डोळे परत अंधाराला सरावायला अर्धा तास जातो. मागच्या बाजूला, जिकडून वारा येतो तिकडे, एखाद्या पट्ट्यातल्या चांदण्या गायब झाल्या तर तो ढग आहे, म्हणजे स्क्वॉल, वाऱ्या-पावसाचा अचानक झपाटा, येतोय, वारा एकदम वाढतो आणि दिशाही बदलतो. शीड अंधार पडायच्या आधीच कमी केलेलं बरं, बाबा कुरकुर करेल स्पीड जातो म्हणून, करू दे. बूमला, म्हणजे शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याला, प्रिव्हेंटर (तो जागेवर धरून ठेवणारा दोर) बांधलाय ना ते वॉच घेताना स्वतः हात लावून बघ, मागच्या वाऱ्यात बूम अचानक या बाजूची त्या बाजूला गेली तर माणसाचं डोकं फुटतं. आणि हार्नेसचा (तुला बोटीला बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याचा) हुक केबिनच्या पायरीवर उभी असतानाच अडकव, बाहेर आल्यावर नाही. कॉकपिट, म्हणजे सुकाणूजवळची बसायची जागा, सोडून पुढे एकटीने जायचंच नाही, उडता मासा डेकवर येऊन फडफडत असला तरी नाही (येतात, आणि वास मारतात).

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शंका आली की उठव. कशीही शंका, लाईट कुठला कळत नाहीये, आवाज वेगळा येतोय, नुसतं बरं वाटत नाहीये तरी. बाबा दमलाय, आत्ताच झोपलाय, म्हणून दहा मिनिटं थांबायचं असं मनात येईल, तेव्हाच उठवायचं. नौदलाचे दिलीप दोंदे २००९-१० मध्ये 'म्हादेई' ही शिडाची बोट घेऊन एकट्याने पृथ्वीला फेरी मारून आले, त्यांना उठवायला कोणी नव्हतं, तुझ्याकडे दोन माणसं आहेत. निघायच्या आधी बाबाकडून सगळ्यांसमोर वदवून घे की रात्री कितीही वेळा हाक मारलीस तरी तो चिडणार नाही.

घड्याळाचंही आधीच ठरवा. कॅनरी आणि सेंट लुसियात चार तासांचा फरक आहे, वाटेत कोण कधी काटे मागे करणार यावरून तुमच्या घरात नक्की भांडण होणार, आणि ज्याच्या वॉचमध्ये तो जादा तास येतो तो बोंबलतो. लॉगबुक (प्रवासाची नोंदवही) यूटीसीवर, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेवर, ठेवा आणि तो तास आळीपाळीने घ्या, पहिला बाबाच्या वॉचमध्ये टाक.