वाचकांचे प्रश्न : 45 एचपीतले 7 एचपी कुठे गेले?

प्रश्न : मी 45 एचपीचा ट्रॅक्टर घेतला. माहितीपत्रकात पीटीओची (ट्रॅक्टरच्या मागे अवजार फिरवणाऱ्या दांड्याची) शक्ती मात्र 38 एचपी छापली आहे. विक्रेता म्हणतो, "पीटीओला टॉर्क वाढतो, काळजी नको." टॉर्क वाढतो तर शक्ती कमी कशी होते? माझी फसवणूक झाली का?
– एक शेतकरी वाचक, लातूर जिल्हा

उत्तर : तेवढ्यावरून फसवणूक झाली असे म्हणता येत नाही. विक्रेत्याचे म्हणणेही खोटे नाही, पण ते अर्धेच आहे. टॉर्क म्हणजे दांड्याला पीळ देणारा जोर आणि शक्ती म्हणजे त्या जोराने काम किती झपाट्याने होते याचे माप. चाचणीत प्रत्यक्ष मोजला जातो तो टॉर्कच. शक्ती हिशेबाने काढतात. इंजिन डायनामोमीटरला जोडतात, तो पाण्याच्या किंवा विद्युतचुंबकीय ब्रेकने दांड्याला अडवतो आणि त्याचे कवच फिरू नये म्हणून लावलेली भुजा लोड सेलवर, म्हणजे जोर मोजणाऱ्या उपकरणावर, किती जोराने दाबते ते वाचतात. भुजा 1 मीटर आणि जोर 158 न्यूटन असेल, तर टॉर्क 158 न्यूटन-मीटर. त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी, समजा 2,000 ने, गुणून 9,549 ने (एकके जुळवणाऱ्या ठरावीक आकड्याने) भागले की सुमारे 33 किलोवॅट, म्हणजे 45 एचपी येतात. (फ्रान्समध्ये गास्पार द प्रोनी यांनी 1821 मध्ये फिरत्या दांड्यावर लाकडी ठोकळे आवळून हेच साधले होते.)

आता पीटीओ मिनिटाला 540 फेऱ्यांवर आणला, तर वेग 3.7 पटीने उतरतो. वाटेत काहीच गळले नाही तर टॉर्क 585 न्यूटन-मीटर व्हायला हवा. 38 एचपीच्या हिशेबाने तो 494 च भरतो. गिअर टॉर्क वाढवतात ते वेगाच्या मोबदल्यात, आणि या देवाणघेवाणीत शक्ती थोडी घटतेच : दात एकमेकांवर घासतात, बेअरिंग आणि सील अडवतात, गिअर तेल घुसळतात, आणि हे सारे उष्णता होऊन निघून जाते. म्हणूनच काम संपल्यावर गिअरबॉक्सला हात लावला की चटका बसतो. शिवाय हायड्रॉलिक पंप सतत फिरत असतो, तोही थोडी शक्ती खातो.

तरीही सातही एचपी गिअरच्या माथी मारणे मला पटत नाही. चांगल्या गिअरची एक जोडी साधारण 1 ते 2 टक्केच खाते. इंजिनाचा आकडा रेडिएटरचा पंखा, सायलेन्सर वगैरे जोडून घेतला की काढून, यावर बराच फरक पडतो. अनेक ट्रॅक्टरांत 540 फेऱ्या इंजिन कमाल शक्तीच्या वेगाला पोहोचण्याआधीच मिळतात, त्यामुळे 38 हा आकडा इंजिनाच्या कोणत्या वेगावरचा आहे तेही पाहावे.

नांगरटीला तर याहून मोठी गळती चाकाखाली होते. चाक 20 टक्के घसरले, तर चाकापर्यंत आलेल्या शक्तीचा पाचवा भाग माती चिरडण्यातच जातो. ओल्या काळ्या रानात हे सहज घडते. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेच्या चाचणी अहवालांत पीटीओची शक्ती आणि ओढशक्ती वेगवेगळी दिलेली असते. आपल्या मॉडेलचा अहवाल विक्रेत्याकडे मागावा आणि रोटाव्हेटर निवडताना 45 नव्हे, तर पीटीओचा आकडा धरावा.