नाताळची कादंबरी आणि माहेरची दुपार

टोरांटोहून नाताळच्या सुट्टीत सोलापूरला माहेरी येणाऱ्या एका भगिनीने लिहिले आहे, ‘वर्षभर नोकरीतून डोके वर काढता येत नाही, म्हणून येताना बर्फाळ लहानशा गावातली एखादी प्रेमकादंबरी आणते. दुपारी खोलीत वाचत पडले की आई म्हणते, एवढ्या लांबून काय पुस्तकात तोंड खुपसायला आलीस? माझे काही चुकते का?’ मुलाला न चावणारी कडक भाकरी आणि जाऊबाईंचे टोमणे यांविषयीही त्यांनी विचारले आहे.

ताई, अशा कादंबरीची शरम मुळीच बाळगू नका. शहरातून गावी परतलेली नायिका, डबघाईला आलेली बेकरी, चौकातल्या झाडावर दिवे लागताना जमलेले गाव आणि शेवट गोडच होणार ही पहिल्या पानापासूनची खात्री, हे सारे थकलेल्या जिवाला हवेच असते. सणासाठी खास वाचन ही गोष्ट आपल्याला परकीही नाही. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हा इंग्रजी नियतकालिकांच्या नाताळ अंकांचा नमुना समोर होता.

चूक आहे ती दार लोटून घेण्यात. माझा हट्ट जुन्या वाचकांना ठाऊक आहे: घरात आपली माणसे असताना गोष्ट एकट्याने वाचू नये, ती सांगावी. मीही चार आठवडे मोजून सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या माहेरी येत असे आणि पहिली दोन वर्षे अशीच आतल्या खोलीत वाचत बसले. तिसऱ्या वर्षी आई चटणीसाठी भाजलेले शेंगदाणे चोळून पाखडत होती, तिच्या शेजारी बसून मी एकेक पान मराठीत सांगू लागले. बर्फाचे वर्णन तिने नुसते ऐकून घेतले. झाडाच्या दिव्यांपाशी आलो तेव्हा ‘म्हणजे आपला गड्डाच की’ म्हणाली; गड्डा म्हणजे संक्रांतीच्या सुमारास भरणारी सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा. पण बेकरीवर कर्ज आहे म्हटल्याबरोबर तिच्या हातातले सूप थांबले आणि तिने विचारले, ‘उधारी कुणाकुणाकडे राहिली आहे तिची?’ त्यानंतर, वडिलांची गिरणी बंद पडली त्या वर्षी पेठेतल्या किराणा दुकानदाराने आमचे घर कसे सांभाळले, हे मी चाळिशीत प्रथमच ऐकले.

तेव्हा आज दुपारीच पुस्तक घेऊन आईपाशी बसा. रोज एकच प्रकरण सांगा, वाक्ये शब्दशः उलटवत बसू नका, घरी बोलता तसे बोला आणि प्रेमाचे प्रसंग गाळू नका. आपल्या आयांना आपण समजतो त्याहून पुष्कळ ठाऊक असते. स्वतःपुरते वाचायला रात्र मोकळी आहेच.

मुलाला कडक भाकरी चावत नाही, तर ती आमटीत कुस्करून द्या. जाऊबाईंच्या टोमण्यांवर सुट्टीतला एकही दिवस खर्चू नका. मुक्काम संक्रांतीपर्यंत वाढवता आला, तर गड्ड्यातल्या अक्षता सोहळ्यासाठी, म्हणजे सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक विवाहासाठी, जरूर वाढवा.

आणि कादंबरी निघण्याच्या तीन-चार दिवस आधीच संपवा. मी त्या वर्षी शेवटचे प्रकरण निघायच्या रात्रीसाठी राखून ठेवले होते. ते ऐकून आई स्वतःच्या लग्नाआधीचे काही सांगू लागली, तोच टॅक्सी दाराशी आली आणि तिचे बोलणे अर्धेच राहिले.