आजींचा अंगठा आणि मामांच्या नावचं बक्षीसपत्र

प्रश्न : माझी आजी (आईची आई) ८४ वर्षांची आहे. मुरबाड तालुक्यात तिचं सगळं आयुष्य भातशेतीत गेलं. ती सांगते, "माझं लगीन झालं त्या सालात जमीन आपली झाली, आधी आम्ही शेटजीची कुळं." आजोबा १९७९ मध्ये वारले. सातबाऱ्यावर आजी, दोन मामा, आई आणि मावशी अशी नावं लागली. थोरले मामा आता नाहीत. धाकट्या मामांनी २०२३ मध्ये 'पेन्शनचे कागद' म्हणून आजीला रजिस्ट्रेशनला नेलं. तिने तिचा हिस्सा त्यांना बक्षीस दिल्याचं गेल्या वर्षी फेरफार पाहिल्यावर कळलं. तिकडे तिला वेळेवर जेवणही मिळेना, म्हणून मी तिला घणसोलीला आणलं आहे. काही करता येईल का?

उत्तर : करता येईल, ताई. पण अर्ज, दावा, जबाब सगळं आजींच्या नावाने आणि त्या स्वतः सांगू शकतात तोवर व्हायला हवं.

आधी हक्काचं. आजोबांच्या मागे आजींना जे मिळालं ते हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ च्या कलम १४ नुसार त्यांच्या पूर्ण मालकीचं आहे. 'विधवेला हयातीपुरतंच असतं' असं गावात कोणी सांगत असेल तर मनावर घेऊ नका. जमीन आजोबांची स्वतःची ठरली तर पाच वारसांत आजींचा एक पंचमांश. वडिलोपार्जित ठरली तर हिशेब बदलतो, पण आजींचा हिस्सा राहतोच.

लग्नाच्या सालाबद्दलचं आजींचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. वयाचा हिशेब केला तर ते साल १९५७ च्या आसपासचं येतं. १ एप्रिल १९५७ हा कुळकायद्यातला कृषकदिन. त्या दिवसापासून जमीन कसणारी कुळं कायद्याने खरेदीदार मानली गेली, कलम ३२ग खाली किंमत ठरली आणि ती भरल्यावर ३२म चं प्रमाणपत्र मिळालं. अशा जमिनीला कलम ४३ चं बंधन असतं. विक्रीच काय, बक्षीस द्यायलाही परवानगी लागते. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, प्रमाणपत्राला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या (जमिनीवरच्या शेतसाऱ्याच्या) चाळीसपट रक्कम भरून हे बंधन सुटतं. तेव्हा सातबाऱ्यावरच्या 'इतर हक्क' रकान्यात कुळकायद्याचा शेरा आहे का आणि चाळीसपट भरल्याची नोंद आहे का, ते पाहा. परवानगीही नाही आणि भरणाही नाही, असं निघालं तर मामांचं बक्षीसपत्र इथेच अडचणीत येऊ शकतं. आजींनी सहज सांगितलेली आठवण केवढी कामाची आहे बघा.

आता अंगठ्याकडे येऊ. बक्षीसपत्राची प्रमाणित प्रत काढा. त्यावर किमान दोन साक्षीदार असतातच. ते कोण, दस्त आजींना कोणी वाचून दाखवला, सोबत कोण होतं, हे लिहून ठेवा. निरक्षर, म्हाताऱ्या आणि ज्याच्यावर अवलंबून आहे त्याच्याच सांगण्यावरून अंगठा देणाऱ्या बाईच्या बाबतीत, तिने व्यवहार समजून केला हे दाखवण्याचा भार न्यायालयं फायदा घेणाऱ्यावर टाकत आली आहेत. दस्त रद्द करण्याच्या दाव्याला फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. तुम्हाला गेल्या वर्षी कळलं, म्हणजे घड्याळ सुरू झालं आहे. नुसत्या फेरफाराविरुद्ध अपील करून थांबू नका. फेरफार ही महसुलाची नोंद आहे, त्याने मालकी येत नाही आणि जातही नाही. रद्द व्हायला हवा तो दस्त.

दुसरी वाट ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ ची. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ केला नाही, तर कलम २३ नुसार तो व्यवहार रद्द ठरवून घेता येतो. दस्तात अशी अटच नसेल तर कलम लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं. जानेवारी २०२५ मध्ये मात्र त्याच न्यायालयाने हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचायला सांगितला आणि मध्य प्रदेशातल्या एका आईचं बक्षीसपत्र रद्द करून ताबाही परत द्यायला लावला. तिथे मुलाने सांभाळाचं लेखी वचन दिलेलं होतं. म्हणून तुमच्या दस्तातली ओळ न् ओळ वाचा. 'सांभाळ करीन' असा शब्द कुठेही सापडला तर तो सोन्याचा. अर्ज प्रांतांकडच्या (उपविभागीय अधिकाऱ्यांकडच्या) न्यायाधिकरणात करायचा. आजी सध्या घणसोलीत राहतात, म्हणून तो ठाण्यात करता येतो. मुरबाडला हेलपाटे घालायची गरज नाही. दरमहा निर्वाहखर्चही त्याच अर्जात मागा.

मला सगळ्यात जास्त काळजी आजींच्या जबाबाची आहे. त्यांनी जन्मभर राब भाजले, आवणी केली, झोडणी केली, पण पीकपाहणीला नाव आजोबांचं आणि पुढे मामांचंच लागलं असणार. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांचं हेच झालेलं असतं आणि दर वेळी तितकाच राग येतो. त्यांच्या कष्टांचा कागद नाही, त्यांची जीभ हाच पुरावा आहे. दावा दाखल झाल्याबरोबर वयाचं कारण देऊन आजींची साक्ष आधी नोंदवण्याचा अर्ज करा. त्यांना कोर्टात येणं झेपत नसेल तर कोर्ट कमिशनर घरी येऊन साक्ष घेऊ शकतो. त्यांना काही पढवू नका. खाचरांची नावं, बांध कोणी घातला, पेन्शनचं नेमकं काय सांगून नेलं, हे त्यांच्याच बोलीत येऊ द्या.

आणि एक गोष्ट मुळीच करू नका. आजी तुमच्या घरी असताना तुमच्या किंवा आईच्या नावे कुठलाही कागद करून घेऊ नका. मामांचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवेल. जमीन परत आजींच्या नावावर येऊ द्या. पुढे ती कोणाला द्यायची, ते त्या ठरवतील.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. जाताना बक्षीसपत्राची प्रत, सातबारा, १९७९ च्या वारसनोंदीचा फेरफार आणि आजींच्या वयाचा दाखला घ्या. १९५७ च्या सुमाराचे फेरफार मुरबाड तहसीलच्या अभिलेख कक्षात मागावे लागतील. तिथे वेळ लागतो, म्हणून तो अर्ज याच आठवड्यात द्या.