लर्नेड हँड वाचताना : फेडरल न्यायाधीश होऊ पाहणाऱ्या विद्यार्थिनीस

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. कायद्याचे दुसरे वर्ष संपता संपता अमेरिकेतील फेडरल अपील न्यायालयांच्या न्यायाधीशांकडे लॉ क्लार्कच्या, म्हणजे न्यायाधीशाच्या कायदेविषयक मदतनिसाच्या, जागेसाठी तू अर्ज करणार आहेस आणि पुढे कधीतरी त्याच आसनावर बसण्याची इच्छा मनात धरून आहेस, हे वाचून समाधान वाटले. तिथवर जाण्याचा मार्ग तू विचारला आहेस, पण असा आखलेला मार्ग नाही. नाव राष्ट्राध्यक्ष सुचवतात आणि संमती सिनेट देते. त्या वेळी सत्तेवर कोण आहे, कोणत्या राज्यातली जागा रिकामी झाली आहे, तुझे नाव कोणाच्या कानावर आहे, यांवर बरेचसे अवलंबून असते. तेरा अपील न्यायालये मिळून ही पदे अवघी 179 आहेत. पदाच्या हिशेबाने आयुष्य आखणे त्यामुळे शहाणपणाचे नाही, पण त्या कामासाठी बुद्धी तयार करता येते. त्याकरिता मी तुला लर्नेड हँड या एकाच न्यायाधीशाची कारकीर्द नीट वाचायला सांगेन.

हँड यांचा जन्म 1872 सालचा, न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनीचा. घराण्यात वकिली होती. वडील वारले तेव्हा ते चौदा वर्षांचे होते, आणि वडिलांच्या लौकिकाचे ओझे त्यांनी पुढे बराच काळ वाहिले. हार्वर्डला त्यांचा ओढा तत्त्वज्ञानाकडे होता. कायदा घराण्याच्या रीतीने आला. वकील म्हणून ते सामान्यच ठरले. 1909 मध्ये, सदतिसाव्या वर्षी, राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांनी त्यांना न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्ह्याच्या फेडरल न्यायालयात नेमले आणि 1924 मध्ये राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी सेकंड सर्किटच्या, म्हणजे न्यूयॉर्क आणि शेजारच्या राज्यांसाठीच्या, अपील न्यायालयात. 1961 मध्ये, एकोणनव्वदाव्या वर्षी निधन होईपर्यंत ते न्यायदानाच्या कामात होते. आपल्याकडे उच्च न्यायालयाचा न्यायाधीश बासष्टाव्या वर्षी निवृत्त होतो. तिथे राज्यघटनेने ‘सद्वर्तन असेपर्यंत’ म्हणजे व्यवहारात आजन्म नेमणूक दिली आहे. या स्थैर्याचा माणूस काय उपयोग करतो, हे पाहण्यासारखे असते.

अपील न्यायालय हे मधले न्यायालय आहे. खालच्या न्यायालयाने ठरवलेली वस्तुस्थिती ते सहसा बदलत नाही आणि वर सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय त्याला बांधून ठेवतात. तरीही सर्वोच्च न्यायालय वर्षाला साठ-सत्तर प्रकरणांतच सविस्तर सुनावणी करून निकाल देत असल्याने, बहुतेक पक्षकारांच्या दृष्टीने शेवटचा शब्द या तीन न्यायाधीशांच्या खंडपीठाचाच असतो. शेवटचा शब्द आपला असणार हे जाणून, पण कोणीतरी आपल्याला उलटवू शकते अशा तयारीने लिहिणे, ही या पदाची खरी शिस्त आहे असे मी मानतो.

हँड यांच्या काळात सेकंड सर्किटमध्ये एक उत्तम प्रथा होती. सुनावणीनंतर तिघेही न्यायाधीश आपापले टिपण स्वतंत्रपणे लिहीत, ती टिपणे एकमेकांना देत आणि मगच चर्चेला बसत. त्यामुळे कोणाच्याही मताला दुसऱ्याच्या मतामागे लपता येत नसे. हँड निकालपत्राचा मसुदा स्वतःच्या हाताने लिहीत, खोडत आणि पुन्हा लिहीत. त्यांचा क्लार्क निकालपत्र लिहीत नसे, तर समोर बसून त्यातील दोष दाखवीत असे. पुढे वॉटरगेट प्रकरणात विशेष सरकारी वकील झालेले आर्चिबाल्ड कॉक्स तरुणपणी हेच काम करीत होते. आज पुष्कळ न्यायाधीशांकडे पहिला मसुदा क्लार्कच तयार करतो. तो लिहिण्याची संधी तुला मिळाली तर आनंदच आहे, पण न्यायाधीशाला ‘हे पटत नाही’ असे कारणांसह सांगण्याची सवय तुला तिथे लागली नाही, तर वर्ष वाया गेले असे मी समजेन.

आता निकालांकडे वळू. सेंट्रल पार्कमध्ये 1944 साली त्यांनी स्वातंत्र्यावर केलेले भाषण सगळे उद्धृत करतात. ते सावकाश वाचलेस तरी चालेल. आधी पडावांचे खटले वाच. मार्च 1928 मध्ये न्यू जर्सीच्या किनाऱ्याजवळ वादळात कोळशाने भरलेले दोन पडाव बुडाले. ते ओढणाऱ्या बोटींवर हवामानाची सूचना ऐकण्यासाठी चालू स्थितीतले रेडिओ नव्हते, आणि धंद्यात तसा रिवाजच नाही असा मालकांचा बचाव होता. हँड यांनी 1932 मध्ये तो फेटाळला : एखादा संपूर्ण व्यवसायच नवी साधने स्वीकारण्यात मागे राहिलेला असू शकतो, आणि काय आवश्यक आहे हे अखेर न्यायालय ठरवते. 1947 मधल्या दुसऱ्या खटल्यात न्यूयॉर्क बंदरात ‘ॲना सी’ नावाचा, पिठाने लादलेला पडाव सुटून बुडाला होता आणि त्यावरचा राखणदार बराच वेळ जागेवर नव्हता. तिथे हँड यांनी निष्काळजीपणाची कसोटी बीजगणितात मांडली. अपघाताची शक्यता आणि होणारी हानी यांच्या गुणाकारापेक्षा खबरदारीचा खर्च कमी असूनही ती घेतली नसेल, तर तो निष्काळजीपणा. जगभरचे कायद्याचे विद्यार्थी हे सूत्र पाठ करतात. तू मात्र ते शेवटी वाच; आधी बंदरातले दोरखंड, वारा आणि दिवसाची वेळ यांचे वर्णन त्यांनी किती नेमकेपणाने केले आहे ते पाहा.

हेच सूत्र पुढे कुठे गेले, हा त्यांच्या कारकिर्दीतला मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग आहे. तो समजण्यासाठी आधी थोडे मागे जावे लागेल. 1917 मध्ये, युद्धज्वर ऐन भरात असताना, ‘द मासेस’ हे डाव्या विचारांचे मासिक टपालाने पाठवण्यास सरकारने हेरगिरीविरोधी कायद्याखाली मनाई केली. जिल्हा न्यायाधीश असलेल्या हँड यांनी ती रोखली. त्यांचे म्हणणे असे, की शब्द कायदा मोडण्याची थेट चिथावणी देत असतील तरच ते दंडनीय ठरावेत. त्यांचा परिणाम काय होईल याचा अंदाज बांधत बसू नये, कारण भ्यालेल्या समाजाला कोणतेही बोलणे धोकादायक वाटू शकते. काही महिन्यांतच अपील न्यायालयाने हा निकाल फिरवला. वरच्या न्यायालयातील ज्या जागेसाठी त्यांचे नाव घेतले जात होते ती मार्टिन मँटन यांना मिळाली. हेच मँटन 1939 मध्ये लाचखोरीच्या प्रकरणात दोषी ठरून पुढे तुरुंगात गेले.

तेहेतीस वर्षांनी, 1950 मध्ये, सरकार बळाने उलथवण्याच्या शिकवणीबद्दल कम्युनिस्ट पक्षाच्या अकरा नेत्यांना झालेल्या शिक्षेविरुद्धचे अपील हँड यांच्यापुढे आले. सर्वोच्च न्यायालयाने मधल्या काळात स्वीकारलेली ‘स्पष्ट आणि तात्कालिक धोका’ ही कसोटी त्यांच्यावर बंधनकारक होती. तिचा अर्थ लावताना त्यांनी अरिष्टाचे गांभीर्य आणि ते घडण्याची शक्यता यांचे गणित मांडले, आणि शिक्षा कायम केली. पडावाचे तेच बीजगणित! पण पडाव किती वेळा सुटतात हे बंदर सांगू शकते. क्रांतीची शक्यता कोण मोजणार? गांभीर्य पुरेसे मोठे धरले की शक्यता कितीही क्षीण असली तरी चालते. आपण स्वतः हा खटला भरला नसता, असे त्यांनी खासगी पत्रात लिहिले आहे. त्यांना कायद्याने बांधलेले होते हे खरे, तरी त्या बंधनातही मोकळी जागा होती असे माझे मत आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1951 मध्ये त्यांचेच सूत्र उचलले. 1969 मध्ये मात्र ब्रँडेनबर्ग खटल्यात ते न्यायालय हँड यांच्या 1917 च्या कसोटीजवळ आले. तोवर हँड यांना जाऊन आठ वर्षे झाली होती. हँड यांची 1917 आणि 1950 ची ही दोन्ही निकालपत्रे तू एकाच बैठकीत वाच.

सर्वोच्च न्यायालय त्यांना मिळाले नाही, याची चर्चा गरजेपेक्षा जास्त होते. 1913 मध्ये न्यायाधीश असतानाच त्यांनी प्रोग्रेसिव्ह पक्षाकडून निवडणूक लढवली, हे पुढे सरन्यायाधीश झालेले टॅफ्ट विसरले नाहीत. 1942 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश फ्रँकफर्टर यांनी त्यांच्यासाठी खटपट केली तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते, आणि वृद्ध न्यायाधीशांवर टीका करून बसलेल्या राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना ती नेमणूक अडचणीची होती. दरम्यान 1945 मध्ये ॲल्युमिनियम कंपनीच्या मक्तेदारीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाची गणपूर्तीच होईना, तेव्हा खास कायदा करून अंतिम निर्णय हँड यांच्या खंडपीठाकडे सोपवला गेला.

तुझ्या अर्जाविषयी दोनच गोष्टी. ज्या न्यायाधीशांकडे अर्ज करशील त्यांनी बहुमताविरुद्ध लिहिलेली निकालपत्रे आधी वाच. सहकाऱ्यांशी मतभेद कोणत्या भाषेत मांडतात, यावरून त्यांच्या हाताखालचे वर्ष कसे जाईल ते बरेचसे कळते. आणि लेखनाचा नमुना म्हणून राज्यघटनेवरचा भारदस्त निबंध पाठवू नकोस. विमा, जहाजवाहतूक, दिवाळखोरी यांपैकी एखाद्या रुक्ष वादावरचे दहा पानी टिपण तयार कर, विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा पहिल्या दोन पानांतच येऊ दे, आणि पाठवण्यापूर्वी एक प्रत माझ्याकडे धाड.

तुझा,
जुना शिक्षक