फेलओव्हर म्हणजे नायबाची नौबत

प्रश्न असा: व्हीआरआरपीतल्या (नेटवर्कमधलं एक यंत्र पडलं तर दुसऱ्याने त्याची जागा घ्यावी, यासाठीची नियमावली) ‘प्रायॉरिटी’ला अग्रक्रम म्हणावं का, आणि ‘फेलओव्हर’ला मराठीत काय म्हणावं?

आधी एक चीड काढून टाकतो. ‘काल फेलओव्हर झालं, दोन तास नेट नव्हतं’ हे वाक्य आता ऐकवत नाही. अहो, फेलओव्हर झालं असतं तर नेट चार सेकंदांवर खोळंबलंच नसतं! मुख्य स्विच (नेटवर्कची वाहतूक वळवणारं यंत्र) पडल्यावर दुसऱ्याने गेटवेचा, म्हणजे बाहेर जायच्या दाराचा, पत्ता उचलून काम चालू ठेवणं, हे फेलओव्हर. दोन तास बोंब होती, म्हणजे ते झालंच नाही.

अग्रक्रम नको. त्यात क्रम आला, आणि क्रमात पहिला तो सर्वांत वर. व्हीआरआरपीत मोठा आकडा जिंकतो: १ ते २५४ मधला द्यायचा, काहीच लिहिलं नाही तर १००. अग्रक्रम मनात धरून कोअर (मुख्य) स्विचला १ देणारा त्याला रांगेच्या शेवटी उभा करतो. प्राधान्य म्हणा; प्रधानपण कमीजास्त असू शकतं. हे दोन शब्द समानार्थी म्हणून शेजारीशेजारी छापणाऱ्या कोशकारांनी एकदा स्विचसमोर बसावं. त्याच स्विचवर स्पॅनिंग ट्रीचीही (नेटवर्कमध्ये वेटोळी होऊ न देणारी पद्धत) प्रायॉरिटी असते, मुळात ३२७६८, आणि तिथे लहान आकडा जिंकतो. तिथे अग्रक्रम खुशाल चालवा.

खरी मजा फेलओव्हरमध्ये आहे. संस्कृत समास जुळवत बसू नका, ‘नौबत’ घरातच आहे. अरबी ‘नौबा’ म्हणजे पाळी. त्याच धातूचा ‘नाइब’, दुसऱ्याच्या जागी उभा राहणारा. आपला नायब तहसीलदार तोच. नाइबचं अनेकवचन ‘नुव्वाब’, त्याचा झाला नवाब. म्हणजे व्याकरणाने पाहिलं तर नवाब हा नायबांचा घोळका! ठरल्या वेळी पाळीने वाजे म्हणून नगारखान्यातलं वाद्य नौबत. आणि ‘नौबत आली’ मधली आफत? ती नगाऱ्यातून आली असं सांगणारे विद्वान आहेत, मला ते मुळीच पटत नाही. अरबीत दुखण्याचा झटका हीदेखील नौबाच. आफतीला नगारा कशाला हवा?

आता बॅकअप स्विचकडे पाहा. २०२४ च्या आरएफसी ९५६८ ने (व्हीआरआरपीचा मानक दस्तऐवज) ‘मास्टर’ काढून ‘ॲक्टिव्ह’ केलं, बॅकअप मात्र राहिला, तो नायब. ॲक्टिव्ह स्विच दर सेकंदाला २२४.०.०.१८ वर ‘मी आहे’ अशी हाक देतो. तीन हाकांचा वेळ कोरडा गेला, वर आणखी थोडा गेला, की नायबाची नौबत. तो ‘थोडा’ किती? २५६ मधून प्राधान्य वजा करा, २५६ ने भागा, तेवढे सेकंद. १०० वाला ३.६१ सेकंदांनी उठतो, २०० वाला ३.२२ नीच. आकडाच पाळी ठरवतो. याहून चपखल शब्द कुणी आणून दाखवावा.

मूळ स्विच परत आला की व्हीआरआरपीत नायब मुकाट उतरतो, कारण प्रीएम्प्ट, म्हणजे जास्त प्राधान्यवाल्याने जागा परत घेणं, मुळातच चालू असतं. सिस्कोच्या एचएसआरपीत (त्याच कामाची सिस्कोची स्वतःची नियमावली) ते बंद असतं, हाताने लिहावं लागतं. विसरलात तर नायबाचा नवाब झालाच म्हणून समजा. लिहिताना त्याला थोडा विलंबही लावा, नाहीतर परतलेला स्विच आपले मार्ग शिकायच्या आधीच गादीवर बसतो आणि डेटाची पाकिटं वाऱ्यावर जातात.